पाकिटातली सवत

काल कदम भाऊजी, ह्यांचे फौजेतले जुने सोबती, येऊन गेल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. घडलं तसं काहीच नाही. जेवणं झाली, भाऊजींनी पोळी दोनदा मागून घेतली, "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या," हे नेहमीचं बोलून झालं. मग सुपारी कातरता कातरता हे म्हणाले, "कदम, ग्लेशियरवर त्या पाकिटातला हलवा खाल्ला बघ, तसला हलवा पुन्हा कधी तोंडात गेला नाही."

भाऊजींनी मान डोलावली. दोघंही थोडा वेळ गप्प बसले.

मी ताटं उचलत होते. ह्यांच्या ताटात अर्धी पुरणपोळी तशीच पडलेली. डाळ मी शिजवली, पुरण मी वाटलं, पाठीत उसण भरली होती तरी पाट्यावर वाटलं, कारण मिक्सरचं ह्यांना चालत नाही. आणि कौतुक कुणाचं, तर सरकारी हलव्याचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून 'बरं झालंय' याच्यापुढे पावती फाटलेली नाही. 'बरं झालंय' म्हणजे उत्तम, 'ठीक आहे' म्हणजे मीठ विसरलं, हे मी माझं मीच शिकून घेतलं.

रात्री कूस बदलत पडले होते. सवत असली तरी हाडामांसाची असावी. माझी रव्याची निघाली.

राग यायचं मोठं कारण हे की तो हलवा मी खाल्लेला आहे. एका सुट्टीला ह्यांनी एक पाकीट घरी आणलं होतं, पोरांना गंमत म्हणून. हिरवट रंगाचं, जाड, आतून चकचकीत. कात्रीनं कापलं तर कड बोटाला लागली. पाकीट दाबल्यावर हलवा एकसंध वडीच्या आकारात बाहेर सरकला, कडेनं पांढरं तूप थिजलेलं. पोरांनी एकेक घास खाल्ला आणि पाणी मागितलं. मी चिमूटभर जिभेवर ठेवला. गोड होता, बाकी काही नाही. वेलचीचा वास शोधावा लागत होता. भाजताना रव्याला जो खमंगपणा येतो त्याचा पत्ता नव्हता. उरलेला मी दुधात घालून उकळला आणि सासूबाईंना न सांगता संपवला.

तेव्हा हे मोठ्या अभिमानानं सांगत होते की हे असं महिनोन् महिने टिकतं, फ्रीज लागत नाही. म्हैसूरला संरक्षण खात्याची खास प्रयोगशाळाच आहे त्यासाठी, १९६१ सालापासूनची. प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या थरांचं पाकीट, अन्न भरून सीलबंद करायचं आणि मग दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापवायचं, की आतले जंतू मरतात. पुलाव, छोलेसुद्धा. मी म्हटलं, एवढं शास्त्र लावलंत तर दोन वेलदोडे जास्त टाकायला काय झालं होतं? ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काल मात्र दुपारभर दोघांची टकळी त्याच विषयावर. मी आत भांडी लावत होते, कान बाहेर. नावं ठेवायलाही कमी केलं नाही. शक्करपारे असे कडक की पहिल्या दिवशी दाताखाली धरायचे आणि दुसऱ्या दिवशी चावायचे. डब्यातल्या दुधाला संगिनीनं दोन भोकं पाडायची, एक हवेला, एक तोंडाला. 'मीट ऑन हूफ' म्हणजे स्वतःच्या पायांनी चालत आलेलं मटण. खालच्या ठाण्यावर लांगऱ्यानं, म्हणजे पलटणीच्या आचाऱ्यानं, एकदा त्यातल्या एका बकऱ्याचं नाव ठेवलं आणि मग कुणालाच तो कापवेना, तो म्हणे बडाखान्याच्या, पलटणीच्या मोठ्या पंगतीच्या वेळीही दावणीलाच उभा होता. आणि वर, चौकीवर, सगळं चीता हेलिकॉप्टरनं येणार. हवा बिघडली की काही नाही. बुखारी म्हणजे ऊब देणारी शेगडी, तिच्या रॉकेलचा वास चहाला, चपातीला, मिशांना. नाक शिंकरलं तर काळं.

अठरा हजार फुटांवर पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळीला काय शिजवणार ते? कुकर नसेल तर डाळ रात्रभर टणटणीत. आणि मुख्य म्हणजे भूकच लागत नाही. हे मला कालच कळलं. मला वाटायचं, एवढ्या थंडीत माणूस सपाटून जेवत असेल. तर उलटं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, घास तोंडात धरून बसायचो. गिळायचा हुकूम द्यावा लागायचा." २०१९ साली जवानांचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, हातोडीनं अंडं फुटत नाही तो. आम्ही सगळे तोंडात बोटं घालून बघत होतो. हे हसले होते नुसते. म्हणाले, अंडं मिळतंय हेच बघा.

मग अशा ठिकाणी हेक्झामिनच्या पांढऱ्या गोळ्या पेटवायच्या, घडीच्या शेगडीवर बर्फ वितळवायचा, त्यात पाकीट सोडायचं. गरम पाकीट आधी छातीशी धरायचं, मग हातात, मग फोडायचं. पाकीट एक आणि दोरीला बांधलेले तिघं. हे इथवर सांगून थांबले. तिसरा कोण ते मला माहीत आहे. त्याच्या घरी हे दरवर्षी जाऊन येतात, मला नेत नाहीत. मीही विचारत नाही.

तर हे सगळं समजतं मला. मी काही अडाणी नाही. तरी पुन्हा पुन्हा मन तिथंच जाऊन अडतं. पाकीट गरम होतं, म्हणून हलवा चांगला. मग माझी पोळी काय गार होती? भूक मेली होती तिथं तो गोड लागला, आणि इथं चांगली भूक लागलेली असताना पोळी अर्धी राहते. हा कुठला न्याय? ह्यांच्यासाठी मी डोंगर चढून गेले नाही, हा माझा गुन्हा असावा.

दुपारी लेकाला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणे, आई, जगभर हेच आहे. अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये डब्यातल्या हॅम आणि घेवड्याला इतक्या शिव्या घातल्या की त्याचं नाव सभ्य माणसासमोर घेता येत नाही. त्यांच्यातले रणगाड्यावाले जर्दाळूच्या डब्याला हात लावत नसत, गाडी बंद पडते म्हणून. पाकिटात लिमलेटच्या गोळ्या निघाल्या तर अपशकुन, फेकून द्यायच्या. आणि हीच माणसं निवृत्त झाल्यावर जुनी पाकिटं कुठे मिळतात ते शोधत फिरतात. मी म्हटलं, त्यांच्या बायकांना काय वाटत असेल ते तुला कुणी सांगितलंय का? तो म्हणाला, त्याला मीटिंग आहे.

फौजी घरात दिल्या गेलेल्या बायकांना पुरुषांच्या जेवणाचं काही विचारायचं नसतं, हे मला सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ह्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आताच्या इराकात गेले आणि तुर्कांनी कुट गावाला घातलेल्या वेढ्यात सापडले. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलच्या २९ तारखेपर्यंत सहावी पूना डिव्हिजन तिथं अडकली होती. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्ले. आपल्या लोकांनी कितीतरी दिवस शिवले नाहीत. गावाकडे कळलं तर वाळीत टाकतील, पोरींची लग्नं मोडतील, ही भीती. शेवटी हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या बिनतारी संदेशानं मागवल्या, तरी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत दम धरला. तोवर स्कर्व्हीनं हिरड्या सुजून लोक आडवे झाले होते. गोऱ्यांना तो आजार तेवढा झाला नाही, मांस खात होते ना. त्यांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी हा जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार झाला, जो आपल्या आटा खाणाऱ्यांना झाला नाही. म्हणजे एकाच वेढ्यात दोघं दोन तऱ्हांनी उपाशी. विमानातून पोती टाकली त्यांना शेवटी, पण ती कुठे पुरायची?

पणजोबा परत आले. घोडा खाल्ला की नाही, हे घरात कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पणजीनं विचारलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. बहुधा तिनं ताट वाढलं असेल आणि बाजूला बसली असेल.

तिच्याशी तुलना केली तर माझं बरं चाललंय म्हणायचं. माझ्यासमोर निदान हलव्याचा विषय निघतो.

असं मनाला समजावत होते, पण ते काही समजेना. म्हणून चार वाजता हे फिरायला गेल्यावर ट्रंक उघडली. ह्यांची सगळी पत्रं मी ठेवली आहेत, ५६ एपीओ हा फौजी टपालाचा पत्ता असलेली. पुरावा पाहिजे होता मला. त्या काळात हे काय खात होते आणि काय म्हणत होते, ते ह्यांच्याच अक्षरात. सापडलं की रात्री जेवताना समोर ठेवायचं, असा बेत.

सापडलं तर. पहिल्याच गठ्ठ्यात. 'इथले शक्करपारे खाऊन जबडा दुखतो.' मी खूश. दुसऱ्यात, 'पाकिटातलं खाऊन तोंडाची चव गेली आहे, हलवा तर समोर नको वाटतो.' आहाहा. हलवा! नको वाटतो! तारीख बघितली, त्याच वर्षीची, ग्लेशियरची. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मी हे पान उलटायला नको होतं. मागच्या बाजूला लिहिलंय, 'डोळे मिटले की आईच्या हातची बाजरीची भाकरी दिसते. तशी भाकरी कुठं मिळत नाही.'

आईच्या हातची.

त्या वेळी घरात भाकऱ्या मी थापत होते. सासूबाईंचे हात संधिवातानं वळत नव्हते, त्या पाटावर बसून फक्त 'जाड झाली' म्हणायच्या. ह्यांनी सुट्टीत जी खाल्ली ती माझीच. आणि हे पत्र मीच सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं असणार, त्यांना वाचता येत नव्हतं. त्या वेळी काय वाटलं ते आठवत नाही. पोरं लहान, गोठ्यात दोन म्हशी, वाईट वाटून घ्यायला सवड तरी कुठे होती.

आज मात्र ट्रंकेसमोर बसून एकटीच हसले. पुरावा पुन्हा गठ्ठ्यात बांधून टाकला, तो माझ्याच विरुद्ध जातो. सासूबाई आज असत्या तर हे पान त्यांना परत वाचून दाखवलं असतं. त्यांनी पदर सावरून माझ्याकडे बघितलं असतं, जिंकल्यासारखं. तेवढं त्यांना मनापासून मिरवू दिलं असतं, आणि मग सावकाश हलव्याचं सांगितलं असतं.