सुई, लेझर आणि आम्ही दोघी जावा

सांगलीत गावभागाजवळ आम्ही १९९७ साली पार्लर काढलं, तेव्हा भांडवल म्हणजे एक फिरती खुर्ची, वॅक्स तापवायची स्टीलची पातेली आणि थ्रेडिंगच्या दोऱ्याची रिळं. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. हात तिचा हलका, म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडे, हिशेब माझ्याकडे. घरातून विरोध असा झाला नाही. सासूबाईंची एकच अट होती, पाटीवर घराण्याचं नाव नको. नव्हतं लावायचंच.

आयब्रो आणि वॅक्सिंगवर दुकान चालत होतं, पण काहीजणी दुपारी दोनच्या सुमारास, रस्ता सुना असताना यायच्या. पडदा ओढून घ्यायच्या आणि मग पदर बाजूला करून हनुवटी दाखवायच्या. रोज चिमट्यानं उपटून उपटून काळी पडलेली, मधूनच फोड आलेली. थ्रेडिंग केलं की चार-आठ दिवस बरं दिसायचं, मग पुन्हा तेच. यांच्यासाठी काहीतरी शिकून ये, असं मी जावेला म्हटलं. ती दादरला मावशीकडे राहिली, मुंबईत इलेक्ट्रोलिसिसचा, म्हणजे सुईतून करंट देऊन केसाचं मूळ मारण्याचा, कोर्स केला आणि एका हातात उचलता येईल एवढं मशीन, भिंगाचा दिवा आणि बारीक सुयांची पाकिटं घेऊन परत आली.

ही विद्या मुळात सौंदर्याची नाहीच, डोळ्यांची आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. पापणीचे केस आतल्या बाजूला वळून बुबुळाला टोचतात, असे रुग्ण त्यांच्याकडे येत. बॅटरीला जोडलेली बारीक तार केसाच्या मुळाशी नेऊन करंट दिला की तो केस पुन्हा येत नाही, हे त्यांनी १८७५ साली प्रसिद्ध केलं. आजही तत्त्व तेच आहे. सुई कातडीत खुपसायची नसते. केस ज्या छिद्रातून येतो त्याच छिद्रातून, त्याच कलानं ती अलगद आत सरकवायची. तिथल्या ओलाव्यात मीठ असतंच. करंट लागला की त्याचं कॉस्टिक सोड्यात रूपांतर होतं आणि मूळ जळून जातं. पुढे १९२४ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात आंरी बोर्दिए यांनी जास्त कंपनांचा करंट वापरून नुसत्या उष्णतेनं मूळ मारायची पद्धत काढली. ती झटपट होते. पहिली सावकाश, पण वाकड्या मुळालाही सोडत नाही. दोन्ही एकत्र चालवतात त्याला ब्लेंड म्हणतात. आमचं मशीन ब्लेंडचं. केस चिमट्यात धरला आणि ओढ न लागता लोण्यातून काढल्यासारखा सुटून आला तर काम झालं. ताण लागला तर तो उपटला गेला, मेला नाही. नव्या मुलींना आम्ही महिनोन्‌महिने एवढंच शिकवतो.

मशीनला वीज फार लागत नाही. भारनियमनाच्या वर्षांत आजूबाजूची दुकानं अंधारात बसायची तेव्हा आमचा भिंगाचा दिवा आणि मशीन इन्व्हर्टरवर चालू असायचं. धंद्याच्या दृष्टीनं खरी अडचण वेळेची होती. एकेक केस घ्यायचा. त्यात सगळे केस एका वेळी वाढत नाहीत. काही वाढीला लागलेले, काही गळायच्या बेतात, काही आत निजलेले. आज हनुवटी साफ केली तरी तीन आठवड्यांनी दुसरी फळी वर येते. दाट हनुवटीला वर्ष, दीड वर्ष धरून चालावं लागतं. आणि आमच्याकडे मुलगी यायची ती आईचा हात धरून, साखरपुडा पंधरा दिवसांवर आला असताना. अशा वेळी आम्ही सरळ सांगायचो, आत्ता थ्रेडिंग करून घ्या, लग्न होऊ द्या, मग या. नवरा काय म्हणेल, असं आई विचारायची. जाऊ म्हणायची, 'त्याच्या गालावर किती आहेत ते तुम्ही बघितलेत का?'

लेझरवाले आमच्या दारात आले ते २०१० नंतर. टाय लावलेले विक्रेते, चकचकीत पुस्तिका, 'मॅडम, सहा सिटिंगमध्ये कायमचं'. मशीनची किंमत लाखांत. पुढे २०१५ ला मुद्रा कर्जाची योजना आली. किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत, तारणाशिवाय. ओळखीतल्या दोन पार्लरवाल्यांनी कर्ज काढून मशीनं घेतलीही. आम्ही घेतलं नाही. लोकांना वाटलं भित्र्या आहेत. थोड्या होतोही, पण कारण वेगळं होतं.

लेझरचा किरण केसातला काळा रंग शोधतो. रंग प्रकाश पितो, तापतो आणि ती आच मुळापर्यंत जाते. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली हा सिद्धांत मांडला. केसांसाठीची मशीनं त्यानंतर दहाबारा वर्षांनी बाजारात आली. गोरी कातडी आणि काळा केस असेल तर हे झकास चालतं. पण तोच काळा रंग आपल्या कातडीतही आहे. त्वचेचे सहा प्रकार करतात, त्यात आपली माणसं बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. किरणाला केस कुठला आणि कातडी कुठली हे आपोआप कळत नाही. ते मशीन चालवणाऱ्याला कळावं लागतं. लेझरचे प्रकार किरणाच्या तरंगलांबीवरून ओळखतात. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट सावळ्या चेहऱ्यावर जपून वापरावा लागतो. ८०८ च्या आसपासचा डायोड आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. १०६४ चा एनडी-यॅग खोलवर जातो आणि वरच्या कातडीतल्या रंगाला कमी धरतो, म्हणून काळ्यासावळ्या त्वचेला तो त्यातल्या त्यात निर्धोक. विक्रेत्याला मी विचारलं, तुमच्या मशीनची तरंगलांबी किती? तो म्हणाला, 'मॅडम, जर्मन टेक्नॉलॉजी आहे.' विषय तिथेच मिटला.

त्याच सुमारास दुसरीकडून लेझर करून आलेल्या बायका आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. एकीच्या पिंढरीवर पट्ट्यापट्ट्यांचे भाजल्याचे डाग होते. दुसऱ्या एका मुलीची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी. तिच्या गालावर नुसती लव होती, तीही लेझरनं काढायला गेली आणि वर्षभरात तिथे काळे, जाड केस आले. हे डॉक्टरांना माहीत असलेलं प्रकरण आहे. आपल्याकडच्या मुलींत, विशेषतः पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा असमतोल, असेल तर, जबड्याच्या कडेला आणि मानेवर असं होऊ शकतं. अर्धवट आच लागली की झोपलेली मुळं मरायच्या ऐवजी जागी होतात. म्हणून लवेला लेझर लावू नये, हे मी आजही येईल तिला सांगते.

मिरजेत दवाखाने कमी नाहीत. तिथल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही पिंढरी भाजलेल्या त्या बाईला घेऊन गेलो. उपचार झाले, बोलणं वाढलं आणि एका दुपारी त्या स्वतः आमच्या दुकानात येऊन भिंगाखाली सुईचं काम बघत बसल्या. त्यांच्याकडे डायोड आणि यॅग दोन्ही होते, पण पांढऱ्या केसांपुढे दोन्ही निकामी. केसात रंगच नाही तर किरण पकडणार काय? तेव्हापासून ठरलं, दाट काळं त्यांच्याकडे, पांढरं आणि तुरळक आमच्याकडे. कमिशन कुणी कुणाला द्यायचं नाही. कट प्रॅक्टिस हा शब्द मिरज-सांगलीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि आम्हाला तो व्यवहार नको होता. हिशेब माझ्याकडे असल्यानं सांगते, त्या वर्षी आमचं उत्पन्न घटलं. काखा आणि पाय यांची जी गिऱ्हाइकं वॅक्सिंगला यायची, त्यांतली बरीच लेझरला गेली ती गेलीच. जायलाच हवी होती. दोन पायांचे केस सुईनं काढायचे म्हटले तर आम्ही दोघी आणि ती बाई, तिघीही म्हाताऱ्या होऊ.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. दुकानात पाणी शिरलं, खुर्च्या, फर्निचर, आरसे सगळं गेलं. जावेनं आदल्या रात्री मशीन, भिंग आणि सुया पिशवीत घालून माहेरी नेल्या होत्या. कर्जाचं लेझर मशीन असतं तर ते उचलायला चार माणसं लागली असती आणि हप्ते पाणी ओसरल्यावरही चालू राहिले असते. विश्रामबागला भाड्याची जागा बघून आम्ही दोन महिन्यांत पुन्हा उभ्या राहिलो, पण काही महिन्यांतच लॉकडाऊन आला. २८ जून २०२० पासून राज्यात पार्लरना परवानगी मिळाली, पण केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. त्वचेवरचे उपचार बंद. म्हणजे नेमकं आमचं बंद. गंमत अशी की आमच्या काही जुन्या गिऱ्हाइकांना ते दिवस आवडले. मास्कखाली हनुवटी झाकलेली, बाहेर पडताना आरसा बघायला नको, चिमटा पर्समध्ये नको. परत आल्या तेव्हा केस कित्येक महिने न उपटल्यामुळे सरळ, हाताला लागतील असे वाढलेले होते. सुईच्या कामाला याहून चांगली तयारी नाही.

आता कुणी आलं की आम्ही आधी मशीनचं बोलतच नाही. पाळी नियमित आहे का, वजन भराभर वाढलं का, केस हळूहळू आले की अचानक, हे विचारतो. अचानक आले असतील, आवाज घोगरा झाला असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनच्या डॉक्टरांकडे, चेहरा नंतर. पीसीओएस असेल आणि औषधपाणी, चालणं-फिरणं सुरू नसेल तर लेझर करा नाहीतर सुई, शरीर नवे केस तयार करतच राहतं. जुनं मूळ मेलं हे खरं, पण शेजारची लव जाड होते आणि बाईला वाटतं तोच केस परत आला. पेसमेकर असलेल्यांना आम्ही करंट लावत नाही. जखमेचे गाठाळ वण उठतात अशा त्वचेलाही हात लावत नाही.

मग केस बघायचे. दाट, काळे, जाड आणि जागा मोठी असेल तर लेझर, वाद नाही. मात्र ऊन सांभाळावं लागतं. तासगावकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या मुली हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये येतात, चेहरा रापलेला असतो. त्यांना डॉक्टरबाई पाऊस सुरू होईपर्यंत थांबवतात, स्कार्फ आणि सनस्क्रीन देऊन. रापलेल्या कातडीवर किरण मारणं म्हणजे डाग विकत घेणं. चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ सिटिंग, पुढे वर्षातून एखादी. एवढं करून उरतात ते विरळ, बारीक किंवा पांढरे केस सुईकडे येतात. अमेरिकेतलं औषध प्रशासन लेझरच्या बाबतीत केस कायमचे 'कमी होणं' एवढंच म्हणू देतं. कायमचं 'काढणं' हे ते इलेक्ट्रोलिसिसबद्दल मान्य करतं. पॅकेज विकणाऱ्या जाहिरातींत हा फरक कुठे जातो कोण जाणे. आम्ही पॅकेज ठेवत नाही. बसलात तेवढ्या मिनिटांचे पैसे, आणि सुई प्रत्येकीसमोर नव्या पाकिटातून काढायची.

साठीच्या बायका हे आमचं लाडकं गिऱ्हाईक. पाळी थांबल्यावर हनुवटीवर चार पांढरे, तारेसारखे केस येतात, त्यावर लेझर चालत नाही. विट्याहून एक आजी एसटीनं येतात, खुर्चीत बसून गावाकडच्या भानगडी सांगतात आणि अर्ध्या तासात काम उरकून बाजार करून परत जातात. गेल्या काही वर्षांत काही ट्रान्स स्त्रियाही येऊ लागल्या आहेत. दाढीची मुळं खोल आणि घट्ट असतात, नुसत्या सुईनं कित्येक तास लागतात. त्यांची काळी दाढी आधी मिरजेत लेझरनं विरळ करून घेतो, उरलेली आम्ही करतो. पहिल्यांदा आलेल्या ताईंनी विचारलं होतं, मागच्या दारानं येऊ का? आमच्याकडे मागचं दार नाही, असं जाऊ म्हणाली. खरंच नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो वस्तऱ्यावरून. लेझरच्या आधी केस मुळासकट उपटलेले चालत नाहीत, कारण किरणाला आत केस लागतो. म्हणून आदल्या दिवशी रेझर फिरवून यायचं. हे सांगितलं की आया दचकतात. बाईच्या जातीनं दाढी करायची? जाड नाही का होणार? होत नाही. वस्तरा केस कापतो, मुळाला हातही लावत नाही. टोक बोथट होतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. तरीही दर महिन्याला एखादी आई मुलीला उठवून घेऊन जाते आणि दोन महिन्यांनी आणून बसवते.

सध्या आमच्याकडे सुईवर तिघीजणी काम करतात. त्यांतली एक जावेची मुलगी, बी.एस्सी. झाली, बँकेच्या परीक्षा दिल्या, मग स्वतःहून भिंगाखाली बसली. जावेचे डोळे आता साथ देत नाहीत, ती दुपारनंतर फक्त सल्ल्याला असते. सल्ल्याचे पैसे नाहीत. येण्याआधी निदान महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमटा बंद ठेवा. हनुवटी तोवर कशी दिसेल याची काळजी असेल तर घरी रेझर फिरवा, पण येण्याआधीचे चार-पाच दिवस तोही नको. आम्हाला केस दिसायला हवेत. सोनोग्राफी किंवा हार्मोनचे जुने रिपोर्ट असतील तर सोबत आणा.