टाके घातलेली खुर्ची

"ताई, तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून?"

वर्षातून दहाएक वेळा तरी हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. विचारणारी मुलं बहुतेक लग्नांत माझ्याबरोबर लाइट धरायला येणारी, नाहीतर नुकताच हप्त्यावर कॅमेरा घेतलेली. प्रश्नाला शेपूटही ठरलेलं: "आमच्या गावात काढण्यासारखं काही नाहीच हो." एरवी मी "सुचतं असंच" म्हणून वेळ मारून नेते. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. मला सुचत नाही.

मी मिरजेची. मिरजेत राहून सतारमेकर गल्लीत कॅमेरा घेऊन न गेलेला फोटोग्राफर शोधून सापडायचा नाही. मीही गेले. टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, दारातून येणारा तिरका उजेड, तारा जुळवणारी म्हातारी बोटं. फोटो छान आले. घरी येऊन इतरांचे पाहिले, तर तेही असेच छान. भोपळे तेच, आणि बोटंही बहुधा त्याच काकांची. त्या गल्लीचा यात काही दोष नाही. मी तिथे दोन तास थांबून निघून आले, हे माझं चुकलं.

खुर्ची भेटली ती एका कार्यालयात, लग्नाच्या ऑर्डरवर. नवरदेवाची गाडी घाटात अडकलेली, मुहूर्त टळून गेलेला, मांडवात कुजबुज. मी कंटाळून मागे गेले, जिथे पातेली घासतात तिथे. एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसणार, तर वॉचमनमामा म्हणाले, "बिनधास्त बसा, पक्की शिवलीय." शिवलीय? वाकून पाहिलं. पाठ आणि बैठक जिथे मिळते तिथे वीतभर तडा होता. तड्याच्या दोन्ही बाजूंनी तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडलेली. प्रत्येक भोकाभोवती वितळलेल्या प्लास्टिकची तपकिरी कड. त्यातून लालसर तार ओवलेली, ऑपरेशननंतर पोटावर दिसतात तसे चौदा टाके. शेवटच्या टाक्याला तारेची गाठ मारून टोक आत वळवलेलं, कुणाच्या साडीला अडकू नये म्हणून.

"मोटारीच्या वायंडिंगची तार आहे," मामा म्हणाले. "तांब्याची. गंजत नाही." शेतातल्या पाण्याच्या मोटारी आमच्या भागात सारख्या जळतात, त्यामुळे रिवायंडिंगवाल्यांकडे ही जुनी तार किलोवारी पडलेली असते. मामांनी ती मागून आणली होती.

त्या दिवशी मी नवरानवरीचे दीड हजार फोटो काढले. त्यातला एकही आज आठवत नाही.

पुढचं सगळं आपोआप झालं असं म्हणता येईल, पण तसं झालं नाही. एवढंच झालं, की डोळ्यांना चाळा लागला. सलूनमध्ये ट्यूबची पट्टी गुंडाळलेला खुर्चीचा हात. भाजीवालीच्या चपलेला अंगठ्याजवळ सेफ्टी पिन. चष्म्याच्या काडीला दोरा. बादलीच्या कडीला सायकलची तार. या वस्तू आधीही तिथेच होत्या आणि मी रोज त्यांच्यासमोरून जात होते. मी स्वतःला दोन नियम घालून घेतले: एकच पन्नास मिलिमीटरची, झूम न होणारी लेन्स, आणि वस्तू जागेवरून हलवायची नाही. लग्नांत माझ्याकडे तीन लेन्स आणि चार लाइट असतात. इथे काहीच नसल्यामुळे पायांनाच मागेपुढे व्हावं लागलं.

हे काम मी चातुर्मासात करते. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा धंदा थंड. (पंचांगात आता 'आपत्कालीन' मुहूर्त निघतात, त्यांचं भलं होवो, त्यावर माझा विम्याचा हप्ता जातो.)

दुसऱ्या पावसाळ्यात साठेक फोटो जमले आणि सगळे शेजारी शेजारी लावल्यावर मला जांभई आली. सगळे सारखेच. तेव्हा बेर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याचं काम आठवलं. 1959 पासून पुढची कित्येक दशकं दोघांनी पाण्याच्या टाक्या, पोलादाच्या भट्ट्या, गॅसच्या टाक्या टिपल्या. एक एक उद्योग बंद पडत होता तेव्हा. सगळं समोरून, मोठ्या कॅमेऱ्यानं आणि ढगाळ आभाळात, म्हणजे सावलीची लुडबुड नको. मग एकाच प्रकारच्या टाक्या ओळीनं मांडायच्या, की सारख्या वाटणाऱ्या टाक्यांतला फरक बोलायला लागतो. म्हटलं, ढगाळ आभाळ तर आपल्याकडे जुलैत फुकट आहे.

वापरून पाहिलं आणि सपशेल फसलं. पाण्याच्या टाकीचा आकार ढगाळ उजेडात स्वच्छ दिसतो. टाके मात्र त्यात सपाट होतात, जणू खुर्चीवर पेनानं रेघा मारल्यात. टाक्याला स्वतःची सावली लागते. त्यासाठी सकाळी साडेसातचा, बाजूनं घासत येणारा उजेड हवा, आणि तो पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस मिळाला तर मिळाला. म्हणजे उसनी आणलेली कल्पना निम्मी टाकून दिली. ओळीनं मांडायचं तेवढं ठेवलं. मात्र प्रत्येक फोटोखाली वस्तूचं नाव लिहायचं सोडून 'कुणी शिवलं, कशानं' ते लिहायला लागले. त्यासाठी विचारावं लागतं. आणि विचारलं की माणसं बोलतात.

सगळ्यांना ते आवडतंच असं नाही. आमच्याच वाडीतल्या एका काकूंच्या ओट्यावर निळी खुर्ची होती, पाठीला आडवे टाके. मी कॅमेरा लावला तशा त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं थांब पोरी, चांगली खुर्ची आणते की." आतून प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेली नवी खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि जुनीच्या पुढे ठेवली. माझा नियम मोडला. वस्तू मी नव्हती हलवली, पण हलली तर होती. मला लाज वाटली, कारण ज्याला मी गंमत म्हणून टिपत होते ते त्यांच्या घरचं उणं होतं. दोन्ही खुर्च्या आणि मध्ये काकूंचा पदर, असा एक फोटो काढला. आख्ख्या मालिकेत तो एकच आहे, ज्याच्यापाशी लोक थांबतात.

गावात काही नाही म्हणणाऱ्यांना मी योसेफ सुदेकचं सांगते. प्रागचा फोटोग्राफर, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला. जर्मन फौजांच्या ताब्यातल्या शहरात कॅमेरा घेऊन मोकळं हिंडता येईना, तेव्हा त्यानं आपल्या स्टुडिओची खिडकीच टिपायला घेतली. 1940 ते 1954. काचेवरची वाफ, थेंब, बर्फ, पलीकडचं वाकडं झाड. एक खिडकी, चौदा वर्षं. मुलं हे ऐकून "भारीय" म्हणतात आणि पुढच्या रविवारी महाबळेश्वरला जातात. जाऊ देत. मीही गेले होते.

दिवाळीत काकूंना त्यांचा फोटो द्यायला गेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "नवी खुर्ची चांगली आलीय." ती नवी खुर्ची अजून वेष्टणातच, आतल्या खोलीत पाहुण्यांची वाट बघत होती. ओट्यावर जुनीच. टाक्यांची आणखी एक ओळ वाढली होती, या वेळी हिरव्या तारेची. मी पिशवीत हात घालून कॅमेरा काढला, तशा काकू लगबगीनं आत वळल्या.