पाटणादेवीच्या डोंगरात एक रविवार

काल ग्रुपसोबत चाळीसगावहून पाटणादेवी आणि वरचा कन्हेरगड. "फाल्गुनात काय बघायचंय, सगळं वाळलेलं असेल," असं घरून ऐकूनच निघालो. खरंय, हिरवेगार डोंगर हवेत तर श्रावणात यावं. आत्ता हिरवळ फक्त ओढ्याच्या काठाला उरलीय.

पण पळस! झाडावर पान नाही, नुसती फुलं. खाली पडलेलं एक उचलून पाहिलं: पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली शेंदरी पाकळी, देठाशी काळपट मखमली वाटी आणि त्यात मुंग्यांची लगबग. फोटोत हा रंग येतच नाही, उगाच पन्नास फोटो काढू नका.

वाटेत गुरं घेऊन निघालेले एक बाबा म्हणाले, "इतला ऊनमा कथा चालनात रे भो?" गडावर म्हटल्यावर हसले आणि पाणी किती घेतलंय ते आधी विचारलं.

चढ लहान, पण घसारा वाईट. नागार्जुन लेण्याच्या सावलीत बसलो तेव्हा जीवात जीव आला. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. बोलणं बंद.

याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख इथलाच. शाळेत गणिताने छळलेले आम्ही सगळे तिथे एकदम भाविक झालो होतो.

श्रावणात परत जायचं ठरतंय. येणाऱ्यांनी कमेंटमध्ये सांगा, भाकरी कोण आणणार तेही.