अकरा ओळींची स्लाईड अन् हिरीचा फोटो

मी लातूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, सातवीला शिकवतो. आमच्या शाळेतला प्रोजेक्टर लोकवर्गणीतून आलाय, लोकांनी सोयाबीनच्या पट्टीतून पैसे काढून दिले, म्हणून तो नुसता कपाटात पडू नये अन् नीट वापरला जावा असं मला मनापासून वाटतं.

मागं भूजलाचा विषय घेतला होता. रात्री जागून पीपीटी केली, एका स्लाईडवर अकरा ओळी, पाझर, पुनर्भरण, भूजल पातळी सगळं त्यात, अन् दुसऱ्या दिवशी खिडक्या लावून एकेक ओळ वाचत गेलो. लेकरं एकदम शांत. मला वाटलं समजतंय सगळं. शेवटी विचारलं, बोअरला पाणी कुठून येतं रे, तर वर्गात कुणालाच धड सांगता येईना. ज्या जिल्ह्यात २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या लेकरांना हे कळू नये, लई वाईट वाटलं त्या दिवशी.

मग स्लाईडवरून लेकरांना कसं समजतं, यावर वाचायला लागलो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी कितीतरी वर्षं यावरच प्रयोग केलेत. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं, की डोळ्यांनी येणारं अन् कानांनी येणारं डोक्यात दोन वेगळ्या वाटांनी जातं अन् दोन्ही वाटा अरुंद आहेत. चित्र दाखवून तोंडानं सांगितलं तर दोन्ही वाटा कामाला लागतात, पण चित्रही आहे, बोलणंही चालूय अन् वर तेच बोलणं पडद्यावर लिहिलेलंय असं झालं की लेकराचे डोळे अक्षरांत अडकतात, चित्र बघायचं राहूनच जातं. माझ्या स्लाईडवर तर चित्रच नव्हतं.

दुसऱ्यांदा तोच विषय घेतला तेव्हा एकच फोटो लावला, आमच्याच शिवारातल्या विहिरीचा, काठावर वाकून मोबाईलवर काढलेला. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, अन् मुरूम अन् खडकाच्या मधोमध ओली काळपट रेघ. मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं मागून एक पोरगी म्हणाली, "सर, आमच्या हिरीला बी तिथूनच झिरपतंय." मग काय, वर्ग सुटला बोलत, कुणाच्या बोअरला किती फुटावर पाणी लागलं, कुणाचं कोरडं गेलं, गाळ काढल्यावर काय झालं. तेव्हा मी पडद्यावर फक्त एक शब्द आणला, पाझर, मोठ्या अक्षरात.

शब्द अजिबातच नको असं नाही बरं का. अनोळखी शब्द असला, किंवा भाषाच ऐकणाऱ्याची दुसरी असली, तर पडद्यावरच्या थोड्या अक्षरांचा उपयोगच होतो असंही याच संशोधनात आहे. माझ्या वर्गात तांड्यावरची लेकरं आहेत, घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात, त्यांना "भूजल" हा शब्द ऐकता ऐकता दिसणं फार गरजेचं आहे. पण शब्द दाखवायचा, परिच्छेद नाही.

अजून एक. २०१६ ला मेयर अन् फिओरेला यांनी तयार आकृती दाखवणं अन् समोर काढत काढत समजावणं यांची तुलना केली, त्यात हातानं काढताना बघितलेल्यांना जास्त समजलं, विशेषतः ज्यांना त्या विषयाची आधी फारशी माहिती नव्हती त्यांना. म्हणजे आपला खडू-फळा मागासलेला नाही. लाईट गेली की मी आता हळहळत बसत नाही, विहिरीचा छेद फळ्यावर काढतो, एकेक थर सांगत सांगत.

पॉवरपॉईंट १९८७ ला आलं ते ऑफिसातल्या सादरीकरणासाठी, सातवीच्या वर्गासाठी नव्हे. अन् मोठ्यांचं तरी कुठं भलं होतं? १ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया अवकाशयान कोसळलं, आपली कल्पना चावला त्यात गेली. उड्डाणावेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता अन् यान अजून वर असतानाच इंजिनिअरांनी त्याची स्लाईड केली होती. आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचाचा अन् आधीच्या चाचणीतला फक्त ३ घनइंचाचा, म्हणजे चाचणीवरून काही ठरवताच येत नव्हतं, अन् ही गोष्ट स्लाईडच्या एकदम तळाला बारीक अक्षरात. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या स्लाईडवर बोट ठेवलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली.

तरी आमची प्रशिक्षणं बघा, दिवसभर स्लाईडा, मागच्या रांगेतून वाचता येणार नाही असली अक्षरं अन् समोरचे तेच वाचून दाखवतात. आम्हालाच असं शिकवलं तर आम्ही वर्गात दुसरं काय करणार? पुढच्या शिक्षण परिषदेत मला वीस मिनिटं मिळालीत. पाच फोटो घेतलेत अन् एक खडू. त्यातला एक फोटो त्या मागच्या बाकावरच्या पोरीनं आणलाय, तिच्या वडलांच्या विहिरीचा, गाळ काढायच्या दिवशीचा.