एक मुलगी

गुरुवार, रात्र

परवा मी आईशी खोटे बोलले. खोटे इतके क्षुल्लक होते की त्याची रुखरुख तीन दिवस टिकावी, याचाच मला अधिक त्रास होतो आहे.

लिलियन कार्टर यांनी विक्रोळीहून घरी पाठवलेल्या पत्रांचे पुस्तक मी आईसाठीच मिळवले होते. मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून ती पत्रे १९७७ मध्ये छापली गेली, हे उघडच आहे. परंतु लिहिली तेव्हा त्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या लहानशा गावच्या, अडुसष्ट वर्षांच्या विधवा परिचारिका होत्या आणि पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या परदेशी सेवायोजनेच्या स्वयंसेविका म्हणून गोदरेजच्या वसाहतीत राहत होत्या. आधी त्यांना कुटुंबनियोजनाचे काम दिले होते. त्यात मन रमेना, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि कुष्ठरोग्यांचीही सेवा करू लागल्या. १९६७ च्या ऑक्टोबरात तिकडे नात एमी जन्मली, तेव्हा आजी इकडे विक्रोळीत होती. त्याच सुमारास केव्हातरी त्यांनी आमच्या आईच्या फुटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधली, असे आई आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

मी अख्खे पुस्तक बोट ठेवून वाचले. गुडघा कुठेच नव्हता.

"सापडले का ग?" असे आईने विचारले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "हो, एका मुलीच्या गुडघ्याचे लिहिले आहे." ती क्षणभर हरखली आणि मग म्हणाली, "नाव नाही लिहिले? मी सांगितले होते तिला. दोनदा." त्या 'दोनदा'ने माझा घास अडकला. आईने साठ वर्षे उराशी धरलेला तो दिवस बाईंच्या लेखी एका ओळीचाही नव्हता, याचा मला फार राग आला. परक्या मुलखातून सेवेला यायचे, घरी लांबलचक पत्रे लिहायची आणि ज्यांची सेवा केली त्यांचीच नावे गाळायची!

या रागाच्या भरात मी आईचा पत्र्याचा डबा उघडला, ही माझी चूक झाली. धडगावच्या आश्रमशाळेत शिकवत असताना मी पाठवलेली आंतरदेशीय पत्रे त्यात आहेत. दोन वर्षांची एकतीस. ओल धरलेली गादी, विंचू, वीज नसलेले अकरा दिवस आणि लोणचे पाठव हे सारे आहे. 'मुले फार गोड आहेत' हे वाक्य चार पत्रांत जसेच्या तसे आहे. मात्र एकाही मुलाचे नाव नाही. तापाने मी आठवडाभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा जी रोज नदीवरून कळशी भरून आणत होती, तिच्याविषयी मी 'एक मुलगी पाणी आणून देते' एवढेच लिहिले आहे. तिचे नाव मला आजही आठवते. तेव्हा तर ते दिवसातून वीसदा माझ्या तोंडी असे, आणि तरी ते आईला कळवावे असे का वाटले नाही? (वडील पत्र मोठ्याने वाचत, हेही एक कारण असेल. त्यांच्याबद्दल आज नको.)

लिलियनबाईंना नावे उच्चारायला जड गेली असतील, असे तरी म्हणता येईल. माझ्याकडे ती सबब नाही. मी रोज हजेरी घेत होते. घरच्यांना पत्र लिहिताना माणूस आपल्या हालांचेच लिहितो, कारण वाचणाऱ्याला त्याचीच काळजी असते. शिवाय बाईंनी दिवसाकाठी किती गुडघे बांधले असतील, हेही बघायला हवे. माझ्यापुढे तर अवघी चाळीस मुले होती.

असो. मी आईसाठी जी ओळ रचली, तिच्यातही 'एक मुलगी'च होती. खोटे बोलतानासुद्धा मला तिचे नाव घालायचे सुचले नाही. आता तिने पुस्तक घेऊन रविवारी बोलावले आहे. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. आत्ताच तिचा फोन आला होता: ताईही येणार आहे, चष्मा घेऊन.