अपडेट ७ : ब्रेकचं भूत सापडलं, आणि शिफ्टरचा प्लॅन परत उलटा

सापडलं! माझ्या सिम रेसिंगच्या रिगमध्ये (घरी कॉम्प्युटरवर रेस करायला खुर्ची, व्हील आणि पेडल्स बसवलेला सांगाडा) तीन आठवडे डोकं खाणारं ब्रेकचं भूत शेवटी सापडलं, आणि ते ना वायरमध्ये होतं, ना ॲम्प्लिफायरमध्ये, ना कोडमध्ये. मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की हा शंभर टक्के व्हीलच्या मोटरचा नॉइज (विजेचा गोंगाट) आहे, ते वाक्य मागे घेतो. माझं ऐकून ज्यांनी फेराइट (नॉइज अडवायला केबलवर लावायचे मणी) मागवले त्यांना सॉरी, ठेवून द्या, कधीतरी कामाला येतील.

सेटअप तोच आहे. जुनं गिअर ड्राइव्हचं व्हील गेलं, ८ न्यूटन मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (मध्ये गिअर नाहीत, व्हील थेट मोटरच्या दांड्यावर) आला, पेडल्स मात्र जुनीच ठेवली आणि फक्त ब्रेकला बार टाइप लोड सेल (पेडल किती सरकलं ते नाही, किती जोराने दाबलं ते मोजणारा सेन्सर), त्याचा सिग्नल वाढवून आकड्यात बदलणारा एचएक्स७११ आणि ते आकडे पीसीला देणारा प्रो मायक्रो बोर्ड लावला. थ्रॉटल आणि क्लच अजून पोटेन्शिओमीटरवरच, म्हणजे पेडल किती सरकलं एवढंच मोजणारे.

आता भूत म्हणजे काय ते सांगतो. ऑनलाइन लीगमध्ये माझ्या मागे असलेला मित्र रेस झाल्यावर म्हणाला, "अरे तुझे ब्रेक लाइट सरळ रस्त्यावर का लुकलुकतात, मला वाटलं तू मला मुद्दाम घाबरवतोयस." मी म्हटलं शक्यच नाही, पाय थ्रॉटलवर असतो पूर्ण. मग मोटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेलिमेट्री (रेसमध्ये नोंदलेले पेडल्सचे आलेख) उघडली तर खरंच की, स्ट्रेटवर ब्रेकचा आलेख शून्यावर नाही, २-३ टक्क्यांवर तरंगतोय, कुठे कुठे ४. म्हणजे इतके दिवस मी हँडब्रेक अर्धवट सोडून गाडी चालवल्यासारखा टॉप स्पीडला मार खात होतो आणि दोष गेममधल्या गाडीच्या विंगच्या सेटिंगला देत होतो.

यावर सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे, ५ टक्के डेडझोन टाका (म्हणजे ५ टक्क्यांपर्यंतचा ब्रेक गेम मोजतच नाही) आणि विसरा. टाकला, दोन दिवस चालवलं, काढला. लोड सेल लावायचा तो कशासाठी, शेवटचे ५-१० टक्के हळूहळू सोडत गाडी कॉर्नरमध्ये नेता यावी म्हणून ना, आणि डेडझोन नेमका तोच तुकडा कापतो. असं हळूहळू सोडत जाताना, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग करताना, शेवटी एकदम "टप्" करून ब्रेक सुटायचा आणि नाक बाहेर जायचं. मग पोटेन्शिओमीटरच बरा होता की.

तर पहिला संशय एचएक्स७११ वर. हा चिप २४ बिटचा असला तरी मुळात वजनकाट्यासाठी केलेला आहे, आणि स्वस्त हिरव्या बोर्डावर तो सेकंदाला १० च रीडिंग देतो. म्हणजे दोन रीडिंगमध्ये १०० मिलिसेकंद. २५० च्या स्पीडला गाडी तेवढ्यात जवळजवळ ७ मीटर जाते, विचार करा. यावरचा उपाय मी अपडेट ५ मध्येच केला होता पण फोटो नव्हता म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून परत: चिपचा १५ नंबरचा पाय म्हणजे रेट, तो बोर्डावर ग्राउंडला बांधलेला असतो. तो सुईने हलकेच उचलायचा आणि शेजारच्या १६ नंबरला, म्हणजे सप्लायला, जोडायचा. सेकंदाला ८० रीडिंग मिळतात, म्हणजे साडेबारा मिलिसेकंद. दोन्ही पाय शेजारी शेजारी आहेत त्यामुळे सोल्डरचा एक थेंब पुरतो, पण आधी उचला मग जोडा, उलटं केलंत तर सप्लाय थेट ग्राउंडला. मी एक बोर्ड असाच मारलाय.

पण ८० वर गेलं की नॉइज थोडा वाढतो, ते चिपच्या स्वभावातच आहे. म्हणून मला वाटलं की हेच कारण. कोडमध्ये ८ रीडिंगची सरासरी टाकली, आलेख एकदम गुळगुळीत, मी खूश, आणि मग लक्षात आलं की ८ गुणिले साडेबारा म्हणजे परत १०० मिलिसेकंद. जिथून निघालो तिथेच. आणि वर तो २-३ टक्क्यांचा फुगवटा होताच, फक्त आता छान गुळगुळीत दिसत होता.

दुसरा संशय मोटर. डायरेक्ट ड्राइव्ह बेस आल्यानंतरच हे दिसायला लागलं होतं, लोड सेलमधून येतात काही मिलिव्होल्ट, बाजूला सर्व्हो मोटरचा ड्राइव्ह, आणि सगळं एकाच ॲल्युमिनियमच्या रिगवर, मग अजून काय पुरावा पाहिजे. शील्डेड केबल टाकली, शील्ड फक्त एकाच टोकाला ग्राउंड केलं (दोन्हीकडे केलंत तर लूप तयार होतो, ही चूक फार जण करतात), यूएसबीला फेराइट लावला, पेडल्स वेगळ्या हबवर घेतली, रिगला अर्थिंगची वायर दिली. त्याने फरक पडला बरं का! आलेखात जे मधूनच टोकदार काटे यायचे ते साफ गेले, आणि कर्बवर जोरात आपटल्यावर पेडल्सचं यूएसबी सुटायचं तेही बंद झालं. त्या रात्री मी मागचा अपडेट लिहिला. त्या आनंदात.

दुसऱ्या दिवशी बघतो तर काटे नाहीत पण फुगवटा आहे तसाच. म्हणजे दोन वेगळे आजार होते आणि मी एकाच औषधाने दोन्ही बरे झाले असं समजून बसलो होतो.

मग वैतागून एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ब्रेक आणि थ्रॉटलचे आलेख एकाखाली एक लावून बघितले. आणि अंगावर काटाच आला. थ्रॉटल १०० ला पोचला की ब्रेकचा फुगवटा चालू, थ्रॉटल सुटला की ब्रेक शून्य. प्रत्येक वेळी. थ्रॉटल ७०-८० वर असला तर काही नाही, १०० ला टेकला की लगेच. पहिला विचार आला की एकाच बोर्डावर आहेत, एकमेकांत सिग्नल मिसळतोय. म्हणून थ्रॉटलचा कनेक्टरच उपटून टाकला, आता बोर्डाला थ्रॉटल नावाची गोष्टच माहीत नाही, आणि पायाने थ्रॉटल दाबला. ब्रेक ३ टक्के!

म्हणजे वीज नाहीच, सगळं लोखंड. काखेत कळसा म्हणतात, माझा तर पायाखालीच होता.

झालं असं की थ्रॉटल शेवटच्या स्टॉपला टेकला तरी माझा पाय थांबत नाही, स्ट्रेटवर मी नकळत अजून रेटत असतो (तुम्हीही रेटता, मोजून बघा). तो जोर पेडल प्लेटवर जातो, प्लेट पातळ, खाली आधार फक्त दोन कडांना, त्यामुळे ती उजवीकडे किंचित पिळवटते. किंचित म्हणजे डोळ्याला दिसत नाही इतकी, पण लोड सेलला दिसते, त्याचं कामच ते. त्यात मी ब्रेकचा मोकळा प्ले घालवायला प्रीलोडचा (आधीच थोडा दाब देऊन ठेवणारा) नट गच्च आवळून ठेवलेला, म्हणजे ब्रेकमागचा रबरी ठोकळा (इलॅस्टोमर) कायमच थोडा दाबलेला, त्यामुळे प्लेट केसाएवढी जरी पिळवटली तरी सगळी लोड सेलमध्ये उतरते. नवीन बेस आल्यावरच का दिसलं? कारण बेस बसवताना मी पेडल्स पुढे सरकवली आणि ती प्लेटच्या मधोमध, आधार नसलेल्या जागी आली. बिचाऱ्या मोटरला मी उगाच तीन आठवडे शिव्या दिल्या.

उपाय एका संध्याकाळचा. प्लेटच्या खाली, बरोबर थ्रॉटलच्या रेषेत, ॲल्युमिनियमचा एक आडवा ४० बाय ४० मिलिमीटरचा प्रोफाइल (खाचांची पट्टी) टाकला, मध्ये दोन जास्तीचे बोल्ट मारले, आणि प्रीलोडचा नट पाऊण फेरा सैल केला. आता पूर्ण ताकदीने थ्रॉटल दाबला तरी ब्रेक ०.४ टक्क्याच्या वर जात नाही, डेडझोन १ टक्का ठेवलाय आणि तो कळतही नाही. वेळ असता तर ४० बाय ८० च टाकला असता, पण तो तुकडा शिफ्टरसाठी राखून ठेवलाय. त्याबद्दल खाली.

आणि चालवायला काय मजा आली म्हणून सांगू. फास्टेस्ट लॅप फारशी सुधारली नाही, दोन दशांश फक्त, पण सलग दहा लॅप एकाच खिडकीत बसल्या, हे माझ्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. पाय जागा विसरतो पण जोर विसरत नाही, हे मी नुसतं वाचलं होतं, आता मांडीला कळलं. फुल ब्रेक ४५ किलोवर लावलाय. आधी हिरोगिरीत ७० ठेवला होता, तर अर्ध्या तासात पोटरी गेली आणि खुर्ची मागे सरकायची. आपण आरामात जेवढं जास्तीत जास्त दाबू शकतो त्याच्या ८० टक्क्यांना कॅलिब्रेट करा, बाकीचा राखीव घाबरल्यावर लागतो.

लोड सेलबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतो. ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याने पाठवलेल्या नगात हिरवी आणि पांढरी वायर उलटी निघाली, ब्रेक दाबला की आकडा खाली जायचा. जोडणी बदलून लगेच सुटलं, पण कागद नाही, डेटाशीट नाही, विचारलं तर "सगळे तसेच असतात". रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा.

आता ज्यांनी विचारलं होतं की सुरुवात कुठून करू, व्हील की पेडल्स. माझं मत बदललंय आणि ते सरळ सांगतो: आधी ब्रेक. लॉजिटेकच्या जी२९ किंवा जी९२० च्या साधारण सव्वादोन न्यूटन मीटरवर माणूस वेगात चालवू शकतो, मी वर्षानुवर्षं चालवलं. गिअरचा खडखडाट ऐकू येतो, फोर्स लवकर क्लिप होतो, म्हणजे लांब कॉर्नरमध्ये सिग्नल १०० ला टेकला की त्यावरचे कर्ब, खड्डे काही हातात येत नाहीत. मग गेन (फोर्सची एकूण पातळी) कमी करायचा, तर सगळंच मिळमिळीत. डायरेक्ट ड्राइव्हचं खरं सुख ताकद नाही, ही वरची मोकळी जागा आहे. २०२१ मध्ये फॅनाटेकचा सीएसएल डीडी ५ न्यूटन मीटरवर आला तेव्हापासून ही जागा साध्या माणसाच्या आवाक्यात आली, १५-२५ न्यूटन मीटरवाल्यांना माझा नमस्कार, मला मनगटं हवी आहेत.

रिमचा आकार मात्र कोणी धड सांगत नाही. ८ न्यूटन मीटरचा बेस ३० सेंटीमीटरच्या रिमवर हाताला साधारण ५३ न्यूटन देतो, ३५ च्या रिमवर ४६ च. तोच बेस, तोच गेन, आणि लोक म्हणतात मोठ्या रिमने फील गेला. गेला नाही, तरफ लांब झाली. आणि रिम घेताना भोकं बघा, ६ बोल्टचं ७० मिलिमीटरचं वर्तुळ असेल तर मोमो, स्पार्कोसारखे खऱ्या गाडीचे रिम बसतात, नार्डी ७४ वर असतो.

कन्सोलवाल्यांनो, हे आमचे प्रो मायक्रोचे उद्योग तुमच्या कामाचे नाहीत. पीसीवर चार यूएसबी डिव्हाइस चार दिशांनी लावले तरी चालतात, कन्सोलवर पेडल्स आणि शिफ्टर बेसमधूनच जावे लागतात. तिथे बेस घेतानाच पुढचं सगळं ठरतं.

आता शिफ्टर. ठरलं होतं एच पॅटर्न (साध्या गाडीसारखी प्रत्येक गिअरला वेगळी खाच असलेला) घ्यायचा, सात गिअर, हॉल सेन्सरवाला (चुंबकाने चालणारा, न झिजणारा), आणि त्यासाठीच तो ४० बाय ८० चा तुकडा. पण परवा प्रोफाइल बसवायला क्लच पेडल तात्पुरतं काढलं आणि तसंच चालवून बघितलं, तर ब्रेक डावीकडे सरकवायला जी जागा मिळाली ती आता सोडवत नाही. डावा पाय सरळ जातो, कंबर वळत नाही. आणि खरं बोलायचं तर मी दहातले आठ तास जीटी३ (स्पोर्ट्स कारचा रेसिंग वर्ग) चालवतो, तिथे गिअर बदलायला व्हीलमागचे पॅडल. उरलेले दोन तास रॅली. जुन्या गाड्या घेऊन हील-टो (एकाच पायाने ब्रेक आणि थ्रॉटल) करायची स्वप्नं बघतो पण महिन्यातून एकदा. क्लचशिवाय एच पॅटर्न म्हणजे नुसती शोभेची काठी.

हे लिहिता लिहिताच टेबलावर नजर गेली, तिथे जास्तीचा लोड सेल आणि एचएक्स७११ पडलाय (एक बोर्ड मारल्यावर घाबरून दोन मागवले होते). म्हणजे लोड सेलचा हँडब्रेक फुकटात होतो! आणि त्याच दांड्याशेजारी सिक्वेन्शिअल शिफ्टर (पुढे-मागे ढकलून एकेक गिअर बदलायचा): दोन मायक्रोस्विच, खाचेत बसणारी स्प्रिंगवाली बॉल बेअरिंग, बस. प्रो मायक्रोवर पिन मोकळ्या आहेतच. एच पॅटर्न रद्द, निदान या हिवाळ्यापुरता. मायक्रोस्विचऐवजी ए३१४४ हॉल स्विच लावावेत का हा विचार चालू आहे, झिजणार नाहीत, पण मग तो कट् आवाज बेअरिंगकडूनच काढावा लागेल. स्प्रिंग किती कडक घेतली होती ते ज्यांनी असला शिफ्टर केलाय त्यांनी कृपया सांगा.

४० बाय ८० चा तुकडा आता हँडब्रेकच्या खांबाला. आणि खांब बसला की पहिली टेस्ट ठरलेली आहे: हात दांड्यापासून लांब, थ्रॉटल पूर्ण रेटलेला, तिन्ही आलेख एकाखाली एक.