घरचा सर्व्हर खरंच अपडेटेड आहे का? तपासणी स्क्रिप्ट कुठवर आली

नमस्कार मंडळी, घरच्या सर्व्हरसाठी जी अपडेट तपासणारी स्क्रिप्ट बनवून राहिलो होतो ना, ती आता बऱ्यापैकी कामाची झालीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सेटअप तोच आहे, जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार, टोपणनाव बुकवर्म), सांबा (घरात फाईल शेअर करायला), जेलीफिन (गाणी-व्हिडिओसाठी) आणि थोडे डॉकर कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायला). घरचे सगळे फोटो त्याच्यावर, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्स त्याच्यावर, त्यामुळे मला 'अपडेट असेल बहुतेक' असं उत्तर चालत नाही, पक्कं कळलं पाहिजे.

पहिला भाग यादीचा. नवीन लोकांसाठी पटकन सांगतो, ॲप्ट म्हणजे डेबियनवर पॅकेजेस (प्रोग्राम) बसवणारं टूल, आणि 'ॲप्ट अपडेट' काहीच इन्स्टॉल करत नाही, फक्त रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) पॅकेजेसची यादी आणतं, आणि कोणतं पॅकेज अपग्रेड होऊ शकतं हे त्या आणलेल्या यादीवरूनच ठरतं. यादी शिळी असेल तर मशीन छातीठोकपणे सांगणार की सगळं अपडेटेड आहे. आता यातली मेख अशी की नेट मध्येच गेलं आणि एखादी यादी आलीच नाही तर ॲप्ट नुसती वॉर्निंग देतं, जुनी यादी वापरली म्हणतं आणि एक्झिट कोड मात्र शून्य (म्हणजे 'यशस्वी') देतं, त्यामुळे स्क्रिप्टला वाटणार झालं बुवा काम. त्यासाठी 'एरर-ऑन' नावाचा ऑप्शन आहे, तो 'एनी' करून ठेवला की एकही यादी चुकली तरी कमांड फेल होते. मला तर वाटतं ज्याच्या स्क्रिप्टमध्ये ॲप्ट अपडेट आहे त्याने हा ऑप्शन आजच टाकावा. शिवाय सिक्युरिटी रिपॉझिटरीच्या रिलीज फाईलवर वैधतेची शेवटची तारीख असते, ती उलटून गेली की ॲप्ट ती यादी घ्यायलाच नकार देतं, म्हणजे एखादा मिरर (रिपॉझिटरीची नक्कल ठेवणारा सर्व्हर) अडकून जुनाच माल देत बसला तर तेही पकडल्या जातं.

टायमरचं पण सांगून टाकतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात, मशीन वरच्या मजल्यावर, आणि कूलरची हवा मशीनला द्यायची म्हणजे ओलावा आलाच, म्हणून उन्हाळ्यात दुपारी मी सर्व्हर सरळ बंदच ठेवतो. डेबियनचा रोजचा ॲप्ट टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ असा सेट असतो पण त्यात १२ तासांपर्यंतचा रँडम उशीर घातलेला असतो (सगळ्या जगाची मशीन्स एकाच मिनिटाला मिररवर तुटून पडू नयेत म्हणून), त्यामुळे नेमका नंबर दुपारीच लागू शकतो. पण तो टायमर 'पर्सिस्टंट' आहे, चुकलेली पाळी मशीन चालू झाल्यावर भरून काढतो. माझ्या स्क्रिप्टच्या टायमरला पण मी तीच सेटिंग दिली, आणि लाईट गेली-आली तरी रिपोर्ट येऊन राहिला आहे बरोबर.

आता मुख्य गोष्ट, व्हर्जन नंबर. नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला असलेल्या एका मित्राचा फोन आला, त्यांच्याकडच्या सुरक्षा तपासणाऱ्या स्कॅनरने त्याच्या डेबियन मशीनला लाल शेरा मारला की ओपनएसएसएच (दुरून मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) ९.२ आहे, जुनं आहे, २०२४ च्या त्या सिक्युरिटी होलसाठी उघडं आहे. होल कोणतं ते आठवत असेल, १ जुलै २०२४ ला क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने जाहीर केलेलं, ओपनएसएसएच ८.५ पासून ९.८ च्या आधीपर्यंतची व्हर्जन्स त्यात येतात. नुसता आकडा बघितला तर ९.२ अडकतंच. मी त्याला म्हटलं पूर्ण नंबर वाचून दाखव, तर तो निघाला '१:९.२पी१-२+डेब१२यू३'.

याचे तुकडे पाडून बघा, मजा आहे. सुरुवातीचा १ आणि कोलन म्हणजे इपॉक, नंबर मोजायची पद्धतच कधी बदलली तर जुने-नवे क्रम गडबडू नयेत म्हणून. ९.२पी१ हे मूळ ओपनएसएसएच वाल्यांचं व्हर्जन. नंतरचा २ म्हणजे डेबियनने ते किती वेळा बांधलं. आणि शेवटचं 'डेब१२यू३' म्हणजे डेबियन १२ साठी दिलेली तिसरी दुरुस्ती, आणि नेमका त्या होलचा फिक्स याच यू३ मध्ये आला. डेबियन स्टेबल (स्थिर आवृत्ती) वाले सहसा नवीन व्हर्जन आणत नाहीत, नव्या व्हर्जनमधला फक्त तेवढा फिक्स उचलून जुन्यात बसवतात. मित्राचं मशीन सुरक्षित होतं आणि स्कॅनर अर्धाच नंबर वाचत होता, तेही एसएसएच स्वतःच्या बॅनरमध्ये (जोडताना पाठवलेल्या ओळखीच्या ओळीत) 'डेबियन-२+डेब१२यू३' स्पष्ट सांगत असताना. २०१४ च्या हार्टब्लीड होलच्या वेळी पण हेच, मूळ फिक्स ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.०.१जी मध्ये आणि डेबियनवर मात्र १.०.१ई च राहिलं, फक्त शेपूट बदललं.

म्हणून माझी स्क्रिप्ट आता इंटरनेटवरच्या लेटेस्ट नंबरशी तुलना करतच नाही, माझ्या डेबियन १२ च्या रिपॉझिटरीत जे आहे त्याच्याशी करते, आणि तुलना पण डीपीकेजीलाच (ॲप्टच्या खालचं, प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं टूल) करायला लावते, त्यात व्हर्जन तुलनेची कमांड आहेच. साधं शब्दांसारखं लावलं तर १.९ हे १.१० पेक्षा मोठं ठरतं. टिल्डाचा (~) नियम तर आणखीनच वेगळा, टिल्डा असलेलं नेहमी आधी येतं, म्हणजे १.०~आरसी१ हे १.० पेक्षा लहान. हे सगळं आपण हाताने लिहीत बसायची काही गरज नाही.

कोणी म्हणेल सरळ लेटेस्टच्या मागे का नाही जायचं. त्यांनी एक्सझेड या फाईल कॉम्प्रेस करायच्या टूलचं प्रकरण आठवावं, मार्च २०२४. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मागचं दार घालून ठेवलेलं, अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला डेबियनच्या अनस्टेबलवर (नवी व्हर्जन्स आधी येतात त्या आवृत्तीवर) एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागून राहिला एवढ्यावरून ते सापडलं. बाप्पा, काय नजर आहे माणसाची! आणि स्टेबलवर तेव्हा ५.४.१ होतं, त्याला धक्काही लागला नाही.

कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) एक लक्षात ठेवा. स्क्रिप्टसाठी 'ॲप्ट-गेट' वापरायचं, कारण साधं 'ॲप्ट' स्वतःच सांगतं की माझं आउटपुट बदलू शकतं. पण 'ॲप्ट-गेट'चं साधं अपग्रेड नवीन नावाचं पॅकेज आणत नाही, आणि नवा कर्नल बऱ्याचदा नवीन नावानेच येतो, मग तो 'केप्ट बॅक' (मागे ठेवलेल्यांच्या) यादीत पडून राहतो. म्हणून रिपोर्टसाठी मी डिस्ट-अपग्रेडचं (नवीन पॅकेजही आणणाऱ्या अपग्रेडचं) सिम्युलेशन चालवतो, त्यात कर्नल पण दिसतो.

आणि पॅकेज अपडेट झालं म्हणजे चालू असलेला प्रोग्राम अपडेट झाला असं होत नाही! लायब्ररीची फाईल डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला सांबा मेमरीतली जुनीच वापरत राहतो, रीस्टार्ट करेपर्यंत. हे 'नीडरीस्टार्ट' नावाचं टूल पकडतं, त्याला बॅच मोडमध्ये चालवलं की कोणत्या सर्व्हिस जुन्यावर अडकल्या त्यांची नावं येतात आणि कर्नलसाठी एक आकडा येतो, १ म्हणजे ठीक, ३ म्हणजे नवा कर्नल येऊन पडलाय पण मशीन अजून जुन्यावरच आहे. रिपोर्टमध्ये ही ओळ मी सगळ्यात वर घेतली, कारण माझ्या मते खरं उत्तर हेच आहे, बाकीचं डिस्कवरचं.

मग ॲप्टच्या नजरेबाहेरचं. होल्ड करून ठेवलेली (अपग्रेड मुद्दाम रोखलेली) पॅकेजेस वेगळी छापतो. कधीतरी हाताने डाउनलोड करून टाकलेल्या डेब फाईल्स कोणत्याच रिपॉझिटरीत नसतात, त्यांचं अपडेट कधीच दिसणार नाही, त्या 'ऑब्सोलीट' वाल्या फिल्टरने निघतात. जेलीफिनची स्वतःची रिपॉझिटरी आहे त्यामुळे तो आपोआप यादीत येतो.

राहता राहिलं खुद्द डेबियन. ट्रिक्सी म्हणजे १३ हे ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, पण १२ वर बसलेल्या माणसाला ॲप्ट ते सांगत नाही, तुमच्या सोर्सेसमध्ये (रिपॉझिटरींच्या यादीत) बुकवर्म लिहिलंय ना, मग त्याच्यासाठी जग तेवढंच. बुकवर्मचा नेहमीचा सपोर्ट जून २०२६ पर्यंत, त्यानंतर एलटीएस (लांबवलेला सपोर्ट) जून २०२८ पर्यंत. त्या तारखा मी स्क्रिप्टमध्ये सरळ लिहूनच ठेवल्या.

डॉकरचं अर्धवट आहे. 'लेटेस्ट' टॅग नाव तेच ठेवून आतला माल बदलतो, म्हणून टॅग बघून काही कळत नाही, डायजेस्ट (आतल्या मालावरून निघणारा ठसा) जुळवावा लागतो, माझ्याकडच्या इमेजचा (ज्यातून कंटेनर बनतो ती) आणि रजिस्ट्रीतला (इमेजेसच्या ऑनलाइन साठ्यातला). एका इमेजसाठी जमलंय, पण एकाच टॅगखाली इंटेल आणि एआरएम दोन्हींच्या इमेज असतात तिथे यादीचा डायजेस्ट वेगळा आणि आतल्या इमेजचा वेगळा, तर ते सोडवून राहिलो आहे सध्या. कोणी केलं असेल तर कोणता डायजेस्ट धरता ते सांगा, पुढच्या वेळी पूर्ण स्क्रिप्टच टाकतो.